जर्मनीचा ओझिल, एर्दोगान यांचा ओझिल

तुर्कस्तानचे अध्यक्ष रेचेप तय्यिप एर्दोगान यांच्या सत्ताधारी पक्षाचे अधिवेशन फेब्रुवारी २०२५ मध्ये अंकारा येथे झाले. तेथे निवडल्या गेलेल्या मध्यवर्ती कार्यकारिणीत राजकारणाशी आजवर थेट संबंध नसलेले एक नाव होते. ते होते मेसूत ओझिल याचे. २०१४ मध्ये जर्मनीला विश्वचषक जिंकून देणाऱ्या संघाचा हा मधल्या फळीतील शिल्पकार. ज्या खेळाडूला जर्मनीने एकेकाळी स्थलांतरितांच्या यशस्वी एकात्मतेचे प्रतीक म्हणून मिरवले, तोच आज दुसऱ्या देशाच्या सत्ताधारी पक्षाचा पदाधिकारी आहे. ‘आम्ही तेव्हाच सांगितले होते’, अशी प्रतिक्रिया देऊन त्याच्या टीकाकारांना हा विषय संपवता येईल. मात्र या कारकिर्दीचा क्रम नीट तपासला, तर निष्कर्ष इतका सोपा उरत नाही.

ओझिलचा जन्म ऑक्टोबर १९८८ मधला, ऱ्हूर खोऱ्यातील गेल्सेनकिर्शेन या कोळसा खाणींच्या शहरातला. युद्धोत्तर जर्मनीला मनुष्यबळ हवे होते, म्हणून १९६१ मध्ये तत्कालीन पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला. आलेल्या माणसांना ‘पाहुणे कामगार’ असे नाव देण्यात आले. पाहुणा कधी तरी परत जातो, हे त्या नावातच गृहीत होते. १९७३ मध्ये भरती थांबली. पाहुणे मात्र राहिले, त्यांची मुले-नातवंडे तेथेच वाढली. आज तुर्की वंशाचे सुमारे ३० लाख लोक जर्मनीत राहतात. ओझिल हा त्यांच्यातील तिसऱ्या पिढीचा. तरीही तो जन्माने जर्मन नागरिक नव्हता, कारण २००० पूर्वीचा जर्मन कायदा जन्मभूमीपेक्षा रक्ताचे नाते मानत असे. जर्मनीकडून खेळण्यासाठी विशीच्या आतच त्याला तुर्की नागरिकत्व सोडावे लागले. दोन्ही पारपत्रे ठेवण्याची मुभा त्याला नव्हती.

प्रतीक कसे घडले

शाल्क आणि वेर्डर ब्रेमेन या क्लबांतून पुढे आलेल्या ओझिलने २००९ मध्ये २१ वर्षांखालील युरोपीय स्पर्धा गाजवली. अंतिम सामन्यात जर्मनीने इंग्लंडचा ४-० असा फडशा पाडला. मॅन्युएल नॉयर, जेरोम बोआटेंग, सामी खेदिरा, मॅट्स हुमेल्स हे त्या संघातील त्याचे सहकारी पुढे विश्वविजेते झाले. २०१० च्या दक्षिण आफ्रिकेतील विश्वचषकात घानाविरुद्धच्या त्याच्या गोलने जर्मनीची बाद फेरी निश्चित झाली आणि स्पर्धेनंतर रिआल माद्रिदने त्याला करारबद्ध केले. पोलंड, घाना, ट्युनिशिया, तुर्कस्तान अशा देशांशी नाते सांगणाऱ्या खेळाडूंचा तो संघ ‘नवी जर्मनी’ म्हणून गौरवला गेला.

८ ऑक्टोबर २०१० रोजी बर्लिनमध्ये जर्मनीने तुर्कस्तानला ३-० असे हरवले. त्यातील एक गोल ओझिलचा होता. तुर्की प्रेक्षकांनी सामनाभर त्याची हुर्यो उडवली. गोल केल्यावर त्याने जल्लोष केला नाही. सामन्यानंतर चॅन्सेलर अँगेला मर्केल खेळाडूंच्या कक्षात गेल्या आणि उघड्या अंगाने उभ्या असलेल्या ओझिलशी हस्तांदोलन करतानाचे त्यांचे छायाचित्र देशभर झळकले. त्यानंतर आठवडाभरातच पॉट्सडॅम येथे तरुण पक्ष कार्यकर्त्यांसमोर बोलताना याच मर्केल यांनी बहुसांस्कृतिक समाजाचा प्रयोग पूर्णपणे फसल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी ओझिलला एकात्मतेसाठीचा ‘बाम्बी’ पुरस्कारही मिळाला. समाजाबद्दल साशंक असलेले राजकारण त्या समाजातील एका व्यक्तीला आदर्श म्हणून उचलून धरत होते, असा या घटनाक्रमाचा अर्थ. आदर्शाला अपवाद ठरवले, की बाकीच्यांविषयीचा संशय कायम ठेवता येतो.

ओझिलचा स्वभाव या भूमिकेसाठी सोयीचा होता. तो बोलका नव्हता. मैदानावरही त्याचे काम आघाडीवीरांच्या मागे राहून मोकळी जागा हेरण्याचे आणि नेमक्या क्षणी तिथे चेंडू पोचवण्याचे. गोल दुसऱ्याच्या नावावर लागे. रिआल माद्रिदने २०११-१२ मध्ये १०० गुणांनिशी लीग जिंकली, त्यात त्याचा मोठा वाटा होता. २०१३ मध्ये सुमारे ४ कोटी २५ लाख पौंड मोजून आर्सेनलने त्याला लंडनला नेले. तेथे २०१५-१६ च्या लीग हंगामात सहकाऱ्यांच्या १९ गोलांना त्याने साहाय्य केले. जर्मन चाहत्यांनी राष्ट्रीय संघातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची पाच वेळा निवड केली. २०१४ च्या विश्वचषकात तो सातही सामने खेळला. धावपळ करताना न दिसणारा आणि पडलेल्या खांद्यांनी चालणारा हा खेळाडू संघ हरला, की टीकेचे पहिले लक्ष्य ठरे. तेव्हा मात्र ती टीका खेळापुरती असे.

एक छायाचित्र आणि अडीच महिने

मे २०१८ मध्ये लंडनमध्ये एर्दोगान यांच्यासोबत ओझिल आणि इल्काय गुंडोगन यांनी छायाचित्र काढून घेतले. तुर्कस्तानची अध्यक्षीय निवडणूक जेमतेम दीड महिन्यावर आली होती. २०१६ च्या फसलेल्या बंडानंतर तेथे हजारो लोकांना अटक झाली होती. जर्मन नागरिक असलेले पत्रकारही त्यातून सुटले नव्हते. या पार्श्वभूमीवर ते छायाचित्र प्रचाराला उपयोगी पडणार, हे उघड होते. त्यावर झालेली टीका गैरलागू नव्हती. गुंडोगनने खुलासा केला. ओझिल गप्प राहिला.

रशियातील विश्वचषकात जर्मनीची धूळधाण झाली. मेक्सिकोकडून ०-१ आणि दक्षिण कोरियाकडून ०-२ अशी हार पत्करून गतविजेते साखळीतच गारद झाले. येथून चर्चेचे स्वरूप बदलले. संघव्यवस्थापक ओलिव्हर बिएरहॉफ यांनी ओझिलला वगळण्याचा विचार करायला हवा होता, असे सुचवले आणि नंतर आपले शब्द चुकल्याचे म्हटले. जर्मन फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष राइनहार्ड ग्रिंडेल यांनी त्याच्याकडे जाहीर खुलासा मागितला. वास्तविक छायाचित्राचा आणि कोरियाने केलेल्या दोन गोलांचा काहीही संबंध नव्हता. मे महिन्यात संघनिवडीच्या वेळी जो मुद्दा अडसर ठरला नाही, तो जुलैमध्ये पराभवाचे कारण म्हणून पुढे आला.

२२ जुलै २०१८ रोजी ओझिलने तीन भागांतील निवेदन प्रसिद्ध करून ९२ सामन्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपवली. ग्रिंडेल आणि त्यांच्या समर्थकांच्या नजरेत संघ जिंकला की आपण जर्मन असतो आणि हरला की स्थलांतरित, असा त्याचा आरोप होता. महासंघाने वंशवादाचा आरोप फेटाळला. बायर्न म्युनिकचे तत्कालीन अध्यक्ष उली होनेस यांनी तर ओझिल कित्येक वर्षे वाईटच खेळत होता, अशी संभावना केली. पण त्याच आठवड्यात स्थलांतरित कुटुंबांतील असंख्य जर्मन नागरिकांनी समाजमाध्यमांवर शाळेत, नोकरीत, घर शोधताना आलेले भेदभावाचे अनुभव मांडले. त्यांनी एर्दोगान यांच्यासोबत छायाचित्र काढले नव्हते. तरी अनुभव तोच होता.

दोन प्रश्नांची गल्लत

या प्रकरणात दोन स्वतंत्र प्रश्न होते. एका सार्वजनिक व्यक्तीने हुकूमशाहीकडे झुकणाऱ्या नेत्याशी जवळीक दाखवावी काय, हा पहिला. त्याचे उत्तर कठोर टीका असू शकते. ज्या नागरिकाची राजकीय मते आपल्याला पटत नाहीत, त्याचे नागरिकत्व दुय्यम ठरते काय, हा दुसरा. त्याचे उत्तर केवळ नकारार्थीच असू शकते. महासंघाने पहिला प्रश्न विचारताना दुसऱ्याचे उत्तर चुकीचे दिले. ओझिलनेही उलट बाजूने तीच गल्लत केली. दुसऱ्या प्रश्नावरील त्याचा संताप रास्त होता, पण त्याच्या आडून पहिला प्रश्न त्याने उडवून लावला. एर्दोगान यांच्यासोबतच्या छायाचित्रात राजकारण नव्हते, आईवडिलांच्या देशाच्या सर्वोच्च पदाविषयीचा तो आदर होता, हा त्याचा युक्तिवाद पुढील घटनांनी कमकुवत केला. २०१९ मध्ये एर्दोगान त्याच्या विवाहाचे साक्षीदार झाले. २०२३ मध्ये त्याच्या छातीवर ‘ग्रे वुल्व्हज’ या अतिउजव्या तुर्की राष्ट्रवादी संघटनेशी जोडले जाणारे चिन्ह गोंदलेले दिसले. आता तर पक्षाचे पदच त्याच्याकडे आहे.

तथापि, त्याच्या राजकारणाला एकच बाजू आहे, असेही म्हणता येत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये चीनमधील उइघुर मुस्लिमांच्या छळाविरुद्ध त्याने जाहीरपणे लिहिले, तेव्हा चिनी सरकारी दूरचित्रवाणीने आर्सेनलचा मँचेस्टर सिटीविरुद्धचा सामना दाखवला नाही. क्लबने आपण राजकारणापासून अलिप्त असल्याचे सांगत हात झटकले. मार्च २०२० नंतर तो आर्सेनलकडून एकही सामना खेळला नाही. निर्णय निव्वळ खेळाच्या निकषावर झाल्याचे प्रशिक्षक मिकेल आर्टेटा यांचे म्हणणे होते. २०२१ मध्ये तो इस्तंबूलच्या फेनरबाहचेकडे गेला आणि मार्च २०२३ मध्ये निवृत्त झाला.

त्याच छायाचित्रातील गुंडोगनची वाटचाल या संदर्भात बोलकी आहे. मायदेशातील प्रेक्षकांची हुर्यो त्यालाही ऐकावी लागली. पण त्याच्याशी संवाद तुटला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये तो जर्मनीचा कर्णधार झाला आणि २०२४ मध्ये मायदेशातील युरोपीय स्पर्धेत त्याने संघाचे नेतृत्व केले. ओझिलबाबत घडले ते अटळ होते, हा दावा या उदाहरणापुढे टिकत नाही.

जून २०२४ पासून जर्मनीने दुहेरी नागरिकत्वाला सर्वसाधारण मान्यता दिली आहे. आज गेल्सेनकिर्शेनमधील एखाद्या तुर्की वंशाच्या मुलाला जर्मनीचे पारपत्र मिळवण्यासाठी तुर्कस्तानचे टाकावे लागणार नाही. ओझिलला जी निवड करावी लागली, ती कायद्याने रद्द केली. परंतु निष्ठेची जाहीर कबुली वारंवार मागण्याची सवय कायद्याने जात नाही. त्या मुलाने उद्या विश्वचषकात पेनल्टी वाया घालवली, तर चर्चा त्याच्या पायाची होते की आडनावाची, यावरून जर्मनी ओझिल प्रकरणातून काय शिकली ते ठरेल.