देव्हाऱ्यांतील वांकडी शिवराई

वाशीम येथील एका भगिनी विचारतात : “सासूबाईंच्या देव्हाऱ्यांत तांब्याची एक शिवराई आहे. कांठ वांकडा, अक्षरें अर्धीं तुटलेलीं. मुलें ती खोटी समजून मोडींत घालावयास सांगतात. काय करावें?”

घाई करूं नये. १६७४ सालीं छत्रपति झालेल्या शिवाजी महाराजांच्या नांवाचें हें नाणें पुढें पेशवाईंतही पाडीत असत. एका अंगास ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगास ‘छत्र पति’. तांब्याची चकती दोन ठशांमध्यें धरून वर घण मारीत. चकती ठशाहून लहान असली किंवा जरा सरकली, कीं कांहीं अक्षरें बाहेरच राहत. तेव्हां केवळ वांकडेपणावरून शिवराई खोटी ठरत नाहीं.

यंत्राच्या नाण्याची गोष्ट निराळी. पत्र्यांतून चकत्या कापतांना यंत्राचा घाव आधींच्या छिद्रावर पडला, तर चकतीस चंद्रकोरीसारखी खांच पडते. पुढें कांठ उचलतांना खांचेच्या बरोबर समोर पुरता दाब बसत नाहीं. म्हणून तेथील कांठ बहुधा पुसट असतो. तो ठसठशीत असेल, तर नाणें कोणीं मागाहून कापलें असण्याचा संभव अधिक. टांकसाळीची चूक म्हणून कोणी भारी किंमत सांगितल्यास आधीं हा कांठ पाहावा.

शिवराईस मात्र चिंच लावून घासूं नये. झिजलेलें अक्षर परत येत नाहीं. ती मोडींत घालण्यापूर्वीं उरलेलीं अक्षरें मुलांकडूनच वाचवून घ्यावीं. मग मोडीची गोष्ट तीं बहुधा पुन्हा काढणार नाहींत.