डॉक्टरांची परीक्षा रोग्यानेही घ्यावी

"फार हुशार डॉक्टर आहे हो!" असे आपण म्हणतो, तेव्हा आपण काय पाहिलेले असते? भिंतीवरची पदवी, नावामागचे 'प्रोफेसर' आणि दाराबाहेरची गर्दी. ही हुशारी ठरवली कोणी? इतर डॉक्टरांनी. ज्याच्या देहावर ती चालवायची, त्या रोग्याला मात्र कोणी विचारीत नाही. माझी सारी नोकरी रोग्यांच्या खाटांपाशी गेली. त्या बळावर मी म्हणते की, ही परीक्षा अर्धीच झालेली आहे.

डॉक्टरला पहिले यायला हवे ते ऐकणे. अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ साली दाखवून दिले की, रोगी आपले दुखणे सांगू लागला की डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला मध्येच तोडतो. अठरा सेकंदांत आमच्या आजीबाईंचे 'काय सांगू बाई' देखील पुरे होत नाही!

दुसरे, विचारणे. मधुमेहाच्या बाईला "पाव कमी करा" असे सांगून मोकळे होणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. ती बिचारी पाव सोडते आणि दोन्ही वेळ भात व नारळाच्या रसातले कालवण जेवते. किप्पूरचा उपास धरणार का, इन्सुलिनचे काय करणार, हे ज्याने विचारले नाही, त्याने रोग तपासला. माणूस तपासला नाही.

तिसरे, समजेल असे सांगणे आणि समजले की नाही याची खात्री करून घेणे. आपली वडीलधारी माणसे "केन, केन" म्हणत मान डोलावतात. ती संमती नव्हे, तो संकोच आहे. "आता ही गोळी कशी घेणार, ते मला सांगा पाहू," एवढे विचारले तरी पुष्कळ घोळ टळतील.

चौथे, "मला ठाऊक नाही, दुसऱ्यांना विचारतो," असे म्हणण्याचे धैर्य.

कोणी म्हणेल, "हात चांगला असला म्हणजे झाले, गोड बोलणे काय कामाचे?" मी गोड बोलणे मागतच नाही. रक्त पातळ करणारी गोळी चुकीची घेतली गेली, तर कितीही निष्णात निदान वाया जाते. कॅनडातील रॉयल कॉलेजने १९९६ साली चांगल्या डॉक्टरच्या सात भूमिका ठरवल्या, त्यांत संवाद ही एक स्वतंत्र भूमिका आहे. आणि वेळ नाही म्हणाल, तर न समजलेला रोगी पुन्हा येतो, तेव्हा दुप्पट वेळ जातो.

ही कोणाची मेहेरबानीही नव्हे. इस्राएलच्या १९९६ च्या रुग्णहक्क कायद्यानुसार रोग्याला शक्य तितके समजेल अशा रीतीने माहिती देणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. आरोग्य मंत्रालयाच्या २०११ च्या परिपत्रकाने भाषेची व संस्कृतीची अडचण दूर करण्याची जबाबदारी दवाखान्यांवर टाकली आहे.

पण वाचकहो, दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. बारा वर्षांच्या नातवाला दुभाषा म्हणून बरोबर कोण नेतो? आपणच. आजीने आपल्या अंगावरच्या रक्तस्रावाची गोष्ट त्या पोरासमोर सांगावी तरी कशी? ती गप्प बसते आणि रोग वाढतो.

म्हणून लोद, रामले, अशदोद, दिमोना, जिथे कुठे आपण असू, तिथे एवढे करू या. बरोबर मोठे माणूस नेऊ, नाहीतर कुपात होलीमकडे दुभाषा मागू. मला काय झाले आहे, त्यावर काय करायचे आणि न केल्यास काय होईल, हे तीन प्रश्न विचारू. उत्तर मिळाले नाही, तर रुग्णहक्कांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करू. प्रत्येक वैद्यकीय संस्थेत असा माणूस नेमणे कायद्यानेच बंधनकारक आहे.

डॉक्टरचा मान राखावाच. पण मान राखणे म्हणजे तोंड शिवून बसणे नव्हे.