एका कोठडीपुरते अंदमान

आम्हा बँक कर्मचाऱ्यांच्या रजा प्रवास सवलतीच्या बेतांत अंदमानचे स्थान आता पक्के झाले आहे. आमच्या ग्राहकांपैकीही अनेकजण सहकुटुंब तेथे जाऊन येतात. स्वराज द्वीपाचे (पूर्वीचे हॅवलॉक) शुभ्र किनारे, बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा आणि त्यांच्या जोडीला अर्धा दिवस सेल्युलर जेल, असा साधारण कार्यक्रम असतो. मराठी पर्यटक तिसऱ्या मजल्यावरील स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या कोठडीपुढे नतमस्तक होतो, छायाचित्र काढतो आणि सायंकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम पाहून परततो. ही श्रद्धा स्वाभाविक आहे. परंतु या वास्तूचे सांगणे एका कोठडीत मावणारे नाही, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते.

१८९६ मध्ये सुरू झालेले हे बांधकाम १९०६ मध्ये पूर्ण झाले. मध्यभागी मनोरा, त्यापासून फुटणाऱ्या सात तीनमजली इमारती आणि त्यांत सुमारे ४.५ मीटर लांब व २.७ मीटर रुंद अशा ६९३ कोठड्या. एका इमारतीचा दर्शनी भाग दुसरीच्या पाठीकडे येईल, अशी रचना मुद्दाम केलेली होती. कोणत्याही बंदिवानाला दुसऱ्याचा चेहरा दिसू नये, हा त्यामागील हेतू. १९११ मध्ये विनायकराव येथे आणले गेले, तेव्हा थोरले बंधू बाबाराव याच तुरुंगात होते. तरीही सख्ख्या भावांची भेट दीर्घकाळ होऊ शकली नाही. माणसाला एकटे पाडणे हीच येथील खरी शिक्षा होती.

त्या एकटेपणात किती जण होते! कोलू फिरवून दिवसाकाठी तीस पौंड खोबरेल तेल काढण्याची सक्ती अनेकांवर झाली. छळ असह्य होऊन १९१२ मध्ये इंदुभूषण रॉय यांनी गळफास लावून घेतला. १९३३ च्या उपोषणात बळजबरीने अन्न घालण्याच्या प्रकारामुळे महावीर सिंह, मोहित मोइत्रा आणि मोहन किशोर नामदास यांचे प्राण गेले. तुरुंग बांधला जाण्यापूर्वी, १८५८ पासूनच, सत्तावनच्या उठावातील बंदिवान या बेटांवर येऊन पडले होते. त्यांतील कित्येकांची नावेही आज आपल्याला ठाऊक नाहीत. पुढे जपानी अमलात याच भिंतींआड स्थानिक रहिवाशांचा छळ झाला आणि १९४४ मध्ये डॉ. दिवान सिंह यांचा अंत झाला.

सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. स्वातंत्र्यानंतर काही भाग पाडला गेला आणि १९६३ मध्ये त्या आवारात गोविंद वल्लभ पंत रुग्णालय उभे राहिले. उरलेली वास्तू वाचली ती तेथे शिक्षा भोगलेल्या माजी राजबंद्यांनी आवाज उठविल्यामुळे. १९७९ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी ती राष्ट्रीय स्मारक म्हणून राष्ट्राला अर्पण केली. म्हणजे हे स्मारक टिकले तेही अनेकांच्या एकजुटीने.

ताळेबंदात एकच मोठी रक्कम मांडून बाकीच्या नोंदी वगळल्या, तर हिशेब जुळत नाही. राष्ट्राच्या ऋणाचेही तसेच आहे. म्हणून अंदमानला जाताना सेल्युलर जेलसाठी निदान एक संपूर्ण सकाळ राखून ठेवावी. मध्यवर्ती मनोऱ्यात संगमरवरी फलकांवर प्रांतवार कोरलेली राजबंद्यांची नावे आधी वाचावीत. मुलांना त्यांतील एखादे अपरिचित नाव निवडायला सांगावे आणि घरी परतल्यावर त्याचा शोध घ्यायला लावावे. मग कोणतीही पाटी नसलेल्या एखाद्या कोठडीपाशी, भ्रमणध्वनी बंद करून, पाच मिनिटे स्तब्ध उभे राहावे. त्यानंतर सावरकरांच्या कोठडीपुढे अवश्य हात जोडावेत. ज्यांना परक्या सत्तेने एकमेकांपासून तोडले, त्यांना आपण तरी स्मरणात एकत्र ठेवू या.