शिंगरू मेलं हेलपाट्यानं



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, हुमणी, खोडव्यातलं पाचट, ठिबकचं वेळापत्रक असे विषय घेतो. या खेपेला मात्र खताच्या पोत्याचा विषय बाजूला ठेवून एका निराळ्याच गोष्टीबद्दल चार शब्द लिहावेत असं मनात आलं. विषय किरकोळ आहे. किंबहुना किरकोळपणा हाच विषय आहे.

आपल्याकडे जुनी म्हण आहे : गाढव मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं. आम्ही शेतकी खात्यात लागलो त्याला वीस वर्षं होऊन गेली. या काळात शिवारातली माणसं ओझ्यानं वाकलेली पाहिली, नाही असं नाही. पण चिडलेली, वैतागलेली, हताश झालेली माणसं जेव्हा जेव्हा पाहिली, तेव्हा दहातल्या आठ वेळा कारण ओझ्याचं नव्हतं, हेलपाट्याचं होतं. कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर चढतो, तो सगळ्यांना दिसतो. हेलपाट्याचा बोजा कुठल्याच उताऱ्यावर चढत नाही.

साधा एक दिवस घ्या. पहाटे वीज यायची म्हणून माणूस रात्रभर अर्धवट झोपतो. वीज येते आणि दहा मिनिटांत डीपीचा फ्यूज जातो. सकाळी मोबाईलवर कुठल्यातरी कंपनीची बाई कर्ज हवं का विचारते. आणि ज्या बँकेत खरोखरच कर्जाचं काम असतं तिथं फोन लावला की एक दाबा, दोन दाबा करत शेवटी फोन आपोआप बंद पडतो. ई-केवायसीला गेलं तर अंगठा उठत नाही. पीक पाहणी करायला रानात गेलं तर पीक रानात आणि रेंज टेकावर. संध्याकाळी घरी येताना पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्यावर दोन कर्णे, आणि मागून कितीही हॉर्न वाजवा, चालकाच्या कानात फक्त गाणं. यातलं एकही दुखणं असं नाही की ज्यासाठी माणसानं पेपरात पत्र लिहावं. पण सगळी मिळून दिवस खातात.

काही मंडळी म्हणतील, साहेब, हे यंत्रयुगच वाईट, जुनं ते सोनं. आमचं तसं म्हणणं नाही. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा नोंदी कार्बन कागदावर व्हायच्या. तिसऱ्या प्रतीवर गट नंबर वाचायचा तर कागद उन्हात धरावा लागे. एका सभासदाचा ऊस दुसऱ्याच्या नावावर चढला आणि दोन भावकीत वर्षभर बोलणं बंद झालं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. आज काट्यावर वजन झालं की खिशातला मोबाईल वाजतो, बिल परस्पर खात्यावर जमा होतं. ही सोय मोठी आहे, ती नाकारणं म्हणजे कृतघ्नपणा होईल. तेव्हा दोष यंत्राला देऊन मोकळं होता येणार नाही.

मग दोष कुठं आहे? आमच्या अल्पबुद्धीला असं वाटतं की, बहुतेक किरकोळ त्रास म्हणजे एकाने आपला हेलपाटा वाचवून दुसऱ्याच्या पायाला बांधलेला असतो.

डीपीचंच उदाहरण घेऊ. रात्री उठून मोटर चालू करायला जायचा कंटाळा, अंधार, विंचूकाट्याची भीती. म्हणून माणूस स्टार्टरला ऑटो स्विच बसवतो. वीज आली की मोटर आपोआप चालू. एकट्यापुरतं पाहिलं तर हुशारी आहे. पण एका डीपीवरच्या सगळ्यांनीच ऑटो बसवले, तर वीज येताक्षणी सगळ्या मोटारी एकदम उठतात. मोटर चालू होताना तिच्या नेहमीच्या करंटच्या कितीतरी पट करंट खेचते. सगळ्यांनी एकदम खेचला की फ्यूज जातो, नाहीतर डीपीच जळतो. मग पंधरा दिवस वर्गणी, अर्ज, ट्रॅक्टरवरून डीपी नेणं-आणणं, आणि उभा ऊस पाण्यावाचून पिवळा. वीज मंडळी वर्षानुवर्षं सांगतात की, ऑटो काढा, कपॅसिटर बसवा. आपण म्हणतो, शेजाऱ्यानं आधी काढावा. शेजारी म्हणतो, तुम्ही आधी. एका माणसाची झोप वाचते आणि अख्ख्या डीपीची जाते.

तोच प्रकार लागणीच्या तारखेचा. ऊस लवकर तुटावा म्हणून काही सभासद नोंदीत तारीख महिनाभर मागं सांगतात. काही जण दोन दोन कारखान्यांना नोंद देऊन ठेवतात. त्यांना वाटतं, कारखान्याला चकवलं. वास्तविक चकवला जातो तो शेजारचा सभासद, ज्याने खरी तारीख सांगितली आणि ज्याची पाळी त्यामुळं मागं सरकली. ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर लावायचे राहून जातात. काम पाच मिनिटांचं, पण ‘उद्या लावू’. रात्री रस्त्याकडेला पंक्चर झालेली ती ट्रॉली मोटारसायकलवाल्याला दिसत नाही. हा त्रास किरकोळ म्हणून सुरू होतो आणि एखाद्या घरात तो किरकोळ राहत नाही.

इथवर वाचून सभासद म्हणतील की, साहेबांनी आमचीच झाडाझडती घेतली. तेव्हा आता आमच्या खात्याकडे वळतो. कारण हा लेख लिहायला बसलो तो याच कारणानं. सांगायला संकोच वाटतो, पण लपवण्यात अर्थ नाही.

आमच्याच गटातल्या एक मावशी. क्षेत्र बावीस गुंठे. मालक हयात असताना त्यांनी जुलैमध्ये आडसाली लागण केली, उगवण चांगली झाली आणि पुढं महिन्याभरातच ते वारले. ऊस नोंदवायचा राहिला होता. मावशी गट ऑफिसात आल्या. त्या दिवशी सर्व्हर बंद होता. आम्ही म्हणालो, सोमवारी या. सोमवारी आल्या तर नोंदीसाठी ओटीपी हवा, आणि तो जातो नोंदवलेल्या मोबाईलवर. नोंदवलेला मोबाईल मालकांचा. त्यांच्यामागं तो नंबर बंद झालेला. म्हणजे गेलेल्या माणसाच्या मोबाईलवर आलेला आकडा हयात माणसानं सांगायचा! आम्ही म्हणालो, वारसाचे कागद आणा, नंबर बदलून देऊ. तिसऱ्या खेपेला कागद आणले, तर अंगठा उठेना. आयुष्यभर खुरपं धरलेल्या बोटावर रेषा कुठून राहणार? चौथ्या खेपेला ते काम बघणारा माणूस रजेवर होता. पाचव्यांदा मावशी आल्या नाहीत.

देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिलं गेलं. ही विद्या आपल्याच राज्यातल्या एका कष्टकरी गावातून सुरू झाली, आणि आज ती अडते तीही कष्टकऱ्याच्याच बोटाशी. पण मावशींच्या बाबतीत बोटाला किंवा यंत्राला दोष देणं हा आमचा पळपुटेपणा ठरेल. कारण त्यांचं रान आमच्या रोजच्या रस्त्याला लागून आहे. पुढल्या वर्षी दिवाळीनंतर त्या उसाला तुरा आलेला आम्ही मोटारसायकलवरून जाताना पाहत होतो. आडसाली ऊस सोळा-अठरा महिन्यांत तुटायला हवा, तुरा आल्यावर दोन महिन्यांच्या पुढं ठेवला तर पोंगा पडतो, वजन घटतं, उतारा घटतो, हे आम्ही तुम्हाला प्रत्येक मेळाव्यात माईकवरून सांगतो. आमच्या डोळ्यांसमोर तुरा डुलत होता आणि आम्ही मनाशी म्हणत होतो की, नोंद नाही, आपण काय करणार?

शेवटी मार्चमध्ये, एका टोळीचं शेजारचं रान संपलं म्हणून, बिगरनोंदीचा ऊस म्हणून तो तुटला. त्यातही खुशालीचे पैसे मावशींनी उसने काढून दिले, हे आम्हाला नंतर कळलं. तेहतीस टनांचा अंदाज असलेल्या रानात बावीस टनसुद्धा भरले नाहीत. अकरा टनांचे पैसे म्हणजे तीस हजारांच्या वर. बावीस गुंठेवाल्या घराला हा आकडा किती मोठा, ते वेगळं सांगायला नको.

बिल जमा झाल्यावर मावशी ऑफिसात आल्या. आम्हाला वाटलं, आता बोलणार. त्यांनी पदरानं घाम पुसला आणि म्हणाल्या, “साहेब, तुमचा काय दोष न्हाई. मशीनच तसलं हाय, त्याला माणूस काय करणार?”

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. नोंदीच्या अर्जावर दोन ओळी लिहून, सही करून, तो ऊस हाती नोंदवून घेण्याचा अधिकार आम्हाला होता. पहिल्याच दिवशी होता. काम दहा मिनिटांचं. ती दहा मिनिटं वाचवली आम्ही, आणि त्यांची किंमत मोजली मावशींनी. त्यांनी दोष मशीनला दिला, कारण आम्हीच त्यांना चार वेळा तसं शिकवलं होतं.

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असं स्पष्ट आहे, आणि उशीर झाला तर व्याजही आहे. पैशाच्या उशिराला व्याज आहे. सभासदाच्या वाया गेलेल्या दिवसाला मात्र कुणी व्याज लावत नाही. ते आपण आपल्यापुरतं लावून घ्यायला हवं. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास सहकारी कारखानदारीचा पाया घातला, तेव्हा शेतकऱ्याला मालक करायचं हा हेतू होता. मालकाला आपल्याच कारखान्याच्या दारात पाच हेलपाटे पडत असतील, तर शेअर सर्टिफिकेट भिंतीला लावून काय उपयोग?

म्हणून आम्ही आमच्या गटापुरतं काही ठरवलं आहे. एक, ओटीपी आला नाही किंवा अंगठा उठला नाही, तरी नोंद त्याच दिवशी कागदावर घेतली जाईल आणि सहीची पावती सभासदाच्या हातात पडेल. संगणकात चढवणं हे आमचं काम. दोन, ज्या घरात माणूस गेलेला आहे, त्या घरी वारसाच्या कागदांसाठी आमचा मदतनीस स्वतः जाईल. तीन, नोंद नसलेलं पण तुरा आलेलं रान दिसलं तर ‘हे कुणाचं’ हे विचारायला गाडीवरून उतरायचं. चार, संध्याकाळी सात ते नऊ आमचा फोन आम्ही स्वतः उचलू. रात्री अकराला ‘तोड कधी?’ म्हणून विचारू नका, एवढीच विनंती.

त्याच्या बदल्यात तुमच्याकडून तीन गोष्टी मागतो. लागणीची खरी तारीख सांगा. ट्रॉली काट्यावर यायच्या आधी रिफ्लेक्टर लावा आणि कर्ण्याचा आवाज कमी ठेवा. आणि एका डीपीवरच्या मंडळींनी एका रविवारी एकत्र बसून एकाच वेळी सगळे ऑटो काढावेत, म्हणजे ‘आधी कोण’ हा प्रश्नच उरणार नाही. त्या बैठकीला बोलावलंत तर आम्ही जरूर येऊ, चहा आमच्याकडून.

सगळे किरकोळ त्रास यानं संपतील असं नाही. कर्जवाल्या बाईचा फोन येतच राहील. पण आपण एकमेकांच्या पायाला बांधलेले हेलपाटे तरी सोडवता येतील. ज्यांना आमच्या खात्याचा असाच अनुभव आला असेल, त्यांनी गट ऑफिसात येऊन तोंडावर सांगावं. दोष मशीनवर ढकलला जाणार नाही, एवढा शब्द देतो.

मावशींच्या खोडव्याची नोंद या वर्षी आम्ही त्यांच्या बांधावर बसून केली. पावती त्यांनी दोनदा घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली.



— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग