चौथे बिल एकतिसावे कसे झाले?



हल्ली सातबारा, खताच्या पावत्या, दुधाची बिले यांचे फोटो काढून मंडळी क्लाउडमध्ये ठेवतात. क्लाउड म्हणजे आभाळातले काही नव्हे. दूरच्या एखाद्या कंपनीच्या संगणकात आपली ट्रंक ठेवावी, तसे ते आहे. पण ट्रंकेत कागद नीट लावलेले नसतील तर ऐन वेळी हाती लागत नाहीत.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. दुधाचे बिल दर दहा दिवसांनी होते, म्हणजे वर्षाची ३६ बिले. सूनबाईने प्रत्येकाचा फोटो ठेवून ‘दूध १’, ‘दूध २’ अशी नावे दिली होती. म्हशीच्या कर्जासाठी वर्षभराची बिले लागली, तेव्हा यादीत ३ नंतर एकदम ३० निघाले. चौथे बिल हरवले असे समजून मी तिला नको ते बोललो, आणि नक्कल आणायला हेलपाटा घातला तो वेगळाच. बिल यादीतच होते, पण एकतिसाव्या जागी! रात्री नातवाने ते दाखवले, तेव्हा मान खाली घालून मी सूनबाईपाशी चूक कबूल केली.

असे का झाले? शब्दकोशात शब्द लावतात तशी पुष्कळ ठिकाणी नावांची यादी लागते. पहिले चिन्ह पाहायचे, ते सारखे असेल तर दुसरे. १० मधला पहिला आकडा १, म्हणून तो २ च्या आधी. मग क्रम होतो १, १०, ११ असे १९ पर्यंत, आणि त्यानंतर २. एकं-दहं न शिकलेल्या पोरासारखे हे वाचन आहे.

सगळीकडे असेच होते असेही नाही. विंडोजच्या यादीत २००१ च्या एक्सपीपासून आकड्यांची किंमत ओळखली जाते. म्हणूनच घरच्या संगणकावर नीट दिसलेली यादी दुसरीकडे विस्कटते आणि माणूस गोंधळतो.

उपाय सोपा आहे. ९९ पर्यंत कागद होणार असतील तर ०१, ०२ असे दोन आकडी क्रमांक द्यावेत. शंभरावर जाणार असतील तर ००१ पासून सुरुवात करावी. पुढचे शून्य बिनकिमतीचे म्हणतात, पण इथे तेच राखण करते.

तारीख घालायची तर वर्ष आधी, मग महिना, मग दिवस: २०२५-०४-१०. जागतिक मानक संस्थेने १९८८ मध्ये हीच रीत ठरवून दिली आहे. दिवस आधी घातला तर एप्रिलची १० आणि मेची १० तारीख शेजारी बसतात आणि वर्षाचा क्रम मोडतो.

आणखी एक. काही नावांत मराठी आकडे, काहींत इंग्रजी, अशी सरमिसळ करू नये. आपल्याला दोन्ही दोनच. संगणकाच्या लेखी ती निरनिराळी चिन्हे आहेत. घरात सर्वांनी मिळून एकच पद्धत ठरवावी.

जुनी नावे बदलायला भिऊ नका. नाव बदलल्याने आतला फोटो बदलत नाही. फक्त शेवटी टिंबानंतरची अक्षरे असतील तर ती तशीच राहू द्या. पावसाने कामे थांबली की एका दुपारी हे उरकून टाका. आणि कागद सापडला नाही, तर घरच्या माणसाला बोलण्याआधी यादी शेवटपर्यंत पाहा.