टण म्हणजे एक, ठक म्हणजे शून्य



आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ टिपेश्वरचं अभयारण्य आहे. २०१९ च्या जून महिन्यात तिथला एक तरुण वाघ घर सोडून निघाला. शेतं, नाले, रस्ते ओलांडत, कधी महाराष्ट्रात तर कधी तेलंगणात फिरत तो डिसेंबरात बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तिथवर त्याची तेराशे किलोमीटरची चाल झाली होती. पुढेही तो भटकतच राहिला आणि नऊ महिन्यांत त्यानं तीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर तोडलं. लोकांनी त्याचं नावच ठेवलं 'वॉकर'.

आता मला सांगा, हे मोजलं कुणी? वाघाच्या मागं टेप घेऊन तर कुणी धावलं नसेल!

फेब्रुवारी २०१९ मध्येच त्याच्या गळ्यात एक पट्टा बांधला होता. तो पट्टा ठरावीक वेळानं 'मी आता इथं आहे' असं कळवायचा. अशा पाच हजारांहून जास्त जागांची नोंद झाली. वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "वाघ काय फोन करते का जी, सर?"

सगळे हसले. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. पट्टा उपग्रहांकडून येणाऱ्या लहरी ऐकून आपली जागा ठरवतो, हे झालं नुसतं ऐकणं. ती जागा दूर बसलेल्या माणसाला कळवायची, तर पट्ट्याला बोलावं लागतं. तोंड नाही, तार नाही. मग आकडे हवेतून जातात कसे? उत्तर सांगण्याऐवजी आम्ही ते करूनच पाहायचं ठरवलं.

सुरुवातीला लागतात फक्त एक स्टीलचा पेला, एक चमचा आणि लाकडी बाक. पेल्यावर चमचा मारला की 'टण', बाकावर मारला की 'ठक'. टण म्हणजे १, ठक म्हणजे ०. सेकंदाला एक ठोका. आता चार ठोक्यांत एक आकडा पाठवायचा. समजा तुमच्याकडे ८, ४, २ आणि १ रुपयाची चार नाणी आहेत. (आठ रुपयांचं नाणं नसतं, ठाऊक आहे मला. आहे असं समजा!) या क्रमानं जे नाणं वापरायचं तिथं टण, जे नको तिथं ठक. पाच म्हणजे चार आणि एक, म्हणून ठक-टण-ठक-टण. नऊ म्हणजे आठ आणि एक, म्हणून टण-ठक-ठक-टण. एकानं वाजवायचं, दुसऱ्यानं पाठ करून बसायचं आणि कागदावर लिहायचं. दहा मिनिटांत तिसरीतल्या मुलांनासुद्धा जमलं.

यवतमाळची जागा नकाशावर साधारण २०.३९ उत्तर अक्षांश आणि ७८.१२ पूर्व रेखांश अशी लिहितात. आठ आकडे, बत्तीस ठोके. आमच्या पोरांनी ते वर्गाच्या या टोकापासून त्या टोकाला पाठवले. पण बाहेर ट्रॅक्टर गेला आणि ऐकणाऱ्यानं एका 'ठक'चं 'टण' लिहिलं. २० चे झाले २१. आम्ही नकाशा उघडला. यवतमाळ एकशे अकरा किलोमीटर उत्तरेला सरकून मोर्शी-वरूडच्या संत्र्याच्या पट्ट्यात जाऊन बसलं होतं! दुसऱ्या वेळी पहिल्या आकड्यातच चूक झाली, दोनाचे सहा झाले. ६० अक्षांश, ७८ रेखांश. शोधून पाहा कुठं येतं ते. सायबेरिया!

हसून झाल्यावर एक मुलगी म्हणाली, "पन सर, खरा वाघ असला तं?" खरं आहे. २०१६ ते २०१८ या काळात राळेगाव-पांढरकवडा भागात वाघाच्या हल्ल्यांत माणसं गेली. कापूस वेचायला जायला बायामाणसं धजत नव्हती. अशा वेळी एक ठोका चुकला, तर पहारा भलत्याच गावी आणि वाघ तिसरीकडेच.

म्हणून प्रत्येक आकड्याच्या मागं आम्ही पाचवा ठोका जोडला. त्याला पोरांनी नाव दिलं 'राखणदार'. नियम सोपा आहे. पाचही ठोके मिळून टणांची संख्या सम झाली पाहिजे. शून्यही समच धरायची. चार ठोक्यांत एक टण असेल तर राखणदार टण वाजवायचा, दोन असतील तर ठक. ऐकणाऱ्यानं टण मोजायचे. विषम भरले की हात वर करायचा, 'पुन्हा पाठव!' यात एक खोट आहे आणि ती एका पोरानं दुसऱ्याच दिवशी पकडली. दोन ठोके एकदम चुकले तर राखणदार झोपतो. खऱ्या यंत्रांत म्हणूनच याहून लांबलचक हिशेब असतो, पण तत्त्व हेच.

आकड्यांचं टण-ठक करणं आणि टण-ठकचे पुन्हा आकडे करणं, या दोन कामांच्या यंत्राला म्हणतात मोडेम. मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर या दोन शब्दांची आद्याक्षरं जोडून हे नाव झालं. भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला लोकांसाठी इंटरनेट सुरू झालं, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेतूनच यायचं. जोडणी होताना मोडेम चिरकायचा. आई-बाबांना तो आवाज काढून दाखवायला सांगा, मजा येईल. हौशी रेडिओवाल्यांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, त्याच्याही आधी घरीच मोडेम बनवून संगणक रेडिओला जोडले होते. त्यांचे टण आणि ठक म्हणजे १२०० आणि २२०० हर्ट्झचे दोन सूर, सेकंदाला बाराशे ठोके. आमचा सेकंदाला एक!

आता आमच्या पेटीकडे वळू. ४३३ मेगाहर्ट्झची रेडिओ पाठवणारी आणि घेणारी अशी बोटभर पट्ट्यांची जोडी मिळते. आम्हाला ती शे-सव्वाशे रुपयांत पडली. दोन्हीकडे एकेक अर्डुइनोचा साधा बोर्ड. सगळं मिळून हजाराच्या आत बसलं. पाठवणाऱ्या पट्टीला तीनच जोडण्या आहेत. एक वीज, एक जमीन आणि तिसरीतून आपले ठोके. लहर चालू म्हणजे १, लहर बंद म्हणजे ०. ठोके वाजवायचं काम बोर्ड करतो. त्यासाठी रेडिओहेड नावाची आज्ञावली फुकट मिळते.

अँटेना मात्र आपण हिशेबानं कापायची. रेडिओलहर सेकंदात ३० कोटी मीटर धावते आणि ही लहर सेकंदात सुमारे ४३ कोटी ४० लाख वेळा थरथरते. भागाकार करा. एका लहरीची लांबी साधारण ६९ सेंटिमीटर येते. तिचा चौथा हिस्सा सतरा सेंटिमीटर. जुन्या वायरिंगमधली तांब्याची तार तेवढी कापून दोन्ही पट्ट्यांना डाग दिला. (डाग देताना मोठं माणूस जवळ हवं. पालकांनो, हे तुमच्यासाठी!)

पहिल्या दिवशी गंमत झाली. पाठवणारी पेटी बंद, तरी घेणाऱ्या पेटीतून आकडे धो धो येऊ लागले. मुलं घाबरली, आकाशातून कोण बोलतंय? कुणीच नाही. ऐकायला काही नसलं की ती पट्टी आपले कान आपोआप आणखी टवकारते. दोन स्टेशनांच्या मधे रेडिओचा आवाज वाढवला तर नुसती खरखर मोठी होते ना, तसं. उपाय आपण फोनवर करतो तोच. कामाचं बोलण्याआधी 'हॅलो, हॅलो'. पेटी आधी १०१०१० असे ओळखीचे ठोके पाठवते, ते आले तरच घेणारी पेटी पुढचं खरं मानते. हे काम त्या आज्ञावलीतच होतं. आम्हीच घाईत ती बाजूला ठेवून स्वतःचं शहाणपण चालवलं होतं.

मग शाळेच्या परसबागेत एक पेटी ठेवली, मातीत ओलावा मोजणारी पट्टी खुपसली आणि दुसरी पेटी वर्गात आणली. फाटकाजवळच्या कडुनिंबापर्यंत आकडे नीट आले. खिचडीच्या खोलीआड गेलं की बंद. तिथं टिनाचं छत, टिनाच्याच भिंती. धातू लहरींना अडवतो, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा असं कळलेलं बरं.

ओलाव्याचे आकडे फळ्यावर लिहिताना एकानं हळूच विचारलं, "मंग माह्या बाबाले रातच्याले वावरात पाहाले जा लागनार नाही?" आमच्याकडे पंपाची वीज पुष्कळदा रात्री येते. पाणी कुठवर पोचलं ते बघायला माणूस अंधारात जातो. साप असतो, रानडुक्कर असतं, कधी वाघही. मी त्याला खोटं सांगितलं नाही. या पेटीनं नाही होणार, ती कडुनिंबाच्या पुढं जात नाही. पण ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या लोरा जातीच्या पट्ट्या मिळतात. त्या हळू बोलतात म्हणून मोकळ्या रानात काही किलोमीटर ऐकू येतात. हा पट्टा भारतात २००५ पासून, ठरलेल्या शक्तीच्या आत राहिलं तर, विनापरवाना वापरता येतो. जास्त शक्तीचा रेडिओ मात्र मनानं बनवायचा नाही. बारा वर्षं पूर्ण झाली की हॅमची परीक्षा देऊन परवाना घ्या आणि मग बोला.

तुमच्यापेक्षा थोड्या मोठ्या मुलांनी काय केलं तेही ऐका. पुण्याच्या सीओईपीतल्या विद्यार्थ्यांनी दहा सेंटिमीटरच्या ठोकळ्याएवढा, किलोभर वजनाचा 'स्वयम्' हा उपग्रह बनवला. २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ नं तो वर नेला. एका हॅमचा निरोप वर ठेवून घ्यायचा आणि दुसऱ्या गावावरून जाताना खाली द्यायचा, असं त्याचं काम ठरवलं होतं. जणू फिरती टपालपेटीच! त्याची लहर ४३७ मेगाहर्ट्झच्या आसपासची, म्हणजे आमच्या परसबागेतल्या पेटीची सख्खी शेजारीण.

आमची पेटी सध्या चौथ्या दिवशीच गप्प होते. सेल संपतात. बोलायला वीज सर्वांत जास्त लागते. वॉकरचा पट्टासुद्धा एप्रिल २०२० मध्ये काढला, कारण त्याची बॅटरी बरीचशी संपली होती. त्यामुळे आता वर्गात वाद चाललाय, दर मिनिटाला बोलायचं की अर्ध्या तासाला? मातीचा ओलावा काही मिनिटामिनिटाला बदलत नाही, असं अर्ध्या तासवाल्यांचं म्हणणं. पाइप फुटला तर, असं दुसऱ्यांचं. पुढच्या आठवड्यात निकाल कळवतो.

तोवर हा निरोप वाचा. एका शहराचा पिनकोड आहे, प्रत्येक गटातला पाचवा ठोका राखणदार.

०१००१ – ०१००१ – ०१०१० – ०००१० – ००००० – ०००११

एका गटात ट्रॅक्टर गेला आहे. तो कोणता, आणि खरा आकडा काय असेल, ते पोस्टकार्डावर लिहून पाठवा.