लडाख : खिंडींचा देश

भारताच्या नकाशावर अगदी माथ्याशी बोट ठेवले, तर ते ज्या उंच आणि उजाड प्रदेशावर पडेल तोच लडाख. तिकडील भाषेत ‘ला’ म्हणजे डोंगरातील खिंड, आणि लडाख या नावाचा अर्थ खिंडींची भूमी असा सांगतात. दक्षिणेस हिमालय, उत्तरेस काराकोरम, आणि मधून सिंधू नदी वाहत जाते. लेह हे मुख्य नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ११,५०० फूट उंचीवर आहे.

गोव्यात वर्षाकाठी शंभर इंचांहून अधिक पाऊस झेलणाऱ्यांस हे खरे वाटणार नाही, परंतु लेह येथे वर्षभरात जेमतेम चार इंच पडतो. मोसमी ढगांची वाट हिमालयानेच अडविली आहे. मग तेथे सातू आणि जर्दाळू पिकतात ते कशावर? केवळ डोंगरावरील बर्फाच्या पाण्यावर. उन्हाळ्यात बर्फ वितळले की ते पाणी दगडमातीच्या पाटांनी शेतात आणावयाचे. कोणाच्या वाफ्यात किती वेळ पाणी सोडावे, हे ठरविणारा माणूस गावकरीच नेमतात. त्यास ‘चुरपोन’ म्हणतात. आपल्याकडील पाटकरीच म्हणा ना! पाण्यावरून भावाभावांत भांडणे होतात हे आपणांस ठाऊकच आहे, तेव्हा या माणसाचा मान केवढा असेल याची कल्पना करावी.

पण जे बर्फ शेताला पाणी देते, तेच हिवाळ्यात देशाच्या दाराला कुलूप लावते. काश्मीरकडून येणारी वाट झोजी ला या सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीच्या खिंडीतून येते. हे दार कोणासाठी केव्हा उघडले आणि केव्हा मिटले, हाच पुष्कळसा लडाखचा इतिहास आहे.

त्यात गोव्याशी जोडलेलेही एक पान आहे. येशूसंघाचे फादर आंतोनियो द आंद्रादे हे १६२४ साली माना खिंडीचे बर्फ तुडवून पश्चिम तिबेटातील छापरांग येथे पोहोचले आणि पुढे तेथे त्यांनी चर्च उभारले. १६३० साली लडाखच्या सेंगे नामग्याल राजाने ते राज्य जिंकून घेतले व तेथील नवख्रिस्ती बंदी होऊन लेहला नेले गेले. फादर आंद्रादे तोवर गोव्यास वरिष्ठ पदावर आले होते. त्यांनी फादर फ्रान्सिस्को द आझेव्हेदो यांस चौकशीस धाडले. हे वयस्क धर्मगुरू १६३१ च्या ऑक्टोबरात, म्हणजे थंडीच्या तोंडावर, लेहला गेले, राजाला भेटले, आणि मिशनचे काम चालू ठेवण्याची परवानगी घेऊन कुलूच्या वाटेने परतले. ते मिशन पुढे काही वर्षांतच मोडले. फादर आंद्रादे १६३४ साली गोव्यातच वारले.

बर्फाशी पैज लावणारे सर्वच परत आले नाहीत. जम्मूचा सेनापती जोरावरसिंह याने १८३४ साली लडाखवर स्वारी केली आणि तो प्रदेश जिंकला. १८४१ साली तो तिबेटात शिरला, आणि हिवाळ्याने त्याच्या पाठीमागील खिंडी बंद केल्या. शिपाई ऊब मिळावी म्हणून बंदुकांचे लाकडी दस्ते जाळू लागले, असे सांगतात. डिसेंबरात तो लढाईत पडला.

१९४८ साली पाकिस्तानकडील टोळ्या लेहच्या रोखाने चालून आल्या, तेव्हा मेजर पृथीचंद थोड्याशा जवानांनिशी भर हिवाळ्यात झोजी ला ओलांडून लेहला गेले. मागून कुमक येणार कशी? सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने गावकऱ्यांच्या हातांनी सिंधूकाठी धावपट्टी तयार करविली. त्याच वर्षी २४ मे रोजी मेहरसिंग यांनी जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन तेथे पहिले विमान उतरविले.

त्यानंतर उत्तरेचे दार मात्र मिटले ते मिटलेच. यारकंदकडून येणारे व्यापाऱ्यांचे तांडे थांबले, आणि १९६२ च्या युद्धात चुशूलजवळील रेझांग ला येथे मेजर शैतानसिंह व त्यांच्या तुकडीतील शंभराहून अधिक जवान धारातीर्थी पडले. २०१९ साली लडाख केंद्रशासित प्रदेश झाला. २०२० साली रोहतांगखालील बोगदा खुला झाल्याने मनालीकडील वाटेवरची एक मोठी अडचणही टळली.

वाटा सुधारल्या, पाण्याची चिंता मात्र वाढली आहे. हिमनद्या आटत मागे सरत आहेत, आणि ज्या घरांना पाऊस ठाऊकच नव्हता, त्या मातीच्या घरांवर ऑगस्ट २०१० मध्ये एका रात्री ढगफुटी होऊन दोनशेहून अधिक माणसे दगावली. शेतकऱ्याची खरी अडचण वसंतातली. पेरणी एप्रिल-मेमध्ये करावयाची, आणि उंचावरील बर्फ वितळते जूनमध्ये! चेवांग नोर्फेल या सरकारी अभियंत्याने यावर तोड काढली. हिवाळ्यात ओढ्याचे पाणी वाया जाते, ते त्याने गावाजवळच्या सावलीच्या उतारावर वळविले आणि दगडी बांध घालून संथ केले. संथ पाणी थरांवर थर गोठते, आणि खाली असल्यामुळे ते बर्फ लवकर, नेमके पेरणीच्या वेळी वितळते. कृत्रिम हिमनदीच ती! पुढे सोनम वांगचुक यांनी नळाने पाणी उंच उडवून बर्फाचे स्तूप उभारले. नोर्फेल यांची मुख्य सामग्री मात्र गावचे दगड आणि गावकऱ्यांचे हात हीच होती. २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली.